दोघांनी वाचलेलं अकरावं प्रकरण

हा वृत्तांत मी आमच्या मंडळाच्या फाईलमधून फिरवला, मंडळात कथा फिरते तसाच. वाचणाऱ्यांनी समासात जे लिहिलं ते मी जिथल्या तिथे ठेवलं आहे. निळे शेरे नणंदेचे, पेन्सिलीचे डोसचे, हिरवे मास्तरांचे. याच क्रमाने तिघांनी वाचलं. मी स्वतः कथा लिहीत नाही. मी दुकानांतले वजनकाटे तपासतो. त्यामुळे भाषेची हमी नाही.

एक

रविवारी सकाळी साडेदहाला, ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली, एक प्रकरण चोरीला गेल्याचं उघड झालं. आणि पाठोपाठ हेही उघड झालं, की जे प्रकरण कुणी लिहिलंच नव्हतं ते दोन माणसांनी वाचलं होतं.

(हिरवा: ‘उघड झालं’ दोनदा आलंय. दुसऱ्या ठिकाणी ‘कळलं’ चालेल का?)

आमचं मंडळ पाच जणांचं आहे. चौघं विज्ञानकथा लिहितात, मी घड्याळ लावतो. पद्धत अशी, की ज्याची कथा असेल तो ती फाईलला लावून देतो. फाईल एकेकाकडे आठवडाभर राहते. वाचणारा समासात आपल्या शाईने शेरे लिहितो आणि शेवटी एका चिठ्ठीवर अभिप्राय लिहून फाईलच्या खिशात टाकतो. आधीच्याची चिठ्ठी वाचायची नाही. मग रविवारी जो तो आपली चिठ्ठी मोठ्याने वाचतो, आणि तिन्ही वाचून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही.

या वेळी कादंबरी एक्स-रेताईची होती. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बारा वर्षं मंडळात आहे आणि या बारा वर्षांत तिने तीन कादंबऱ्या अर्ध्यात सोडल्या, कारण तिन्ही तिने अर्ध्यावर असतानाच आम्हाला वाचायला दिल्या होत्या. ही चौथी तिने पहिल्यांदाच पूर्ण करून दिली. गावाएवढं एक यान दोनशे वर्षांच्या प्रवासाला निघालंय. त्यात एक कोठार आहे, कायमचं बंद. यानाच्या नळांची देखभाल करणाऱ्या बाईला एक दिवस त्या दाराच्या आतून ठोठावल्याचा आवाज येतो. एवढं मला ठाऊक होतं.

पहिले मास्तर उठले. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, मंडळातले सगळ्यात जुने. त्यांनी वाचलं, “शेवटी दार उघडतं आणि आत तीच उभी असते, दोनशे वर्षांनी म्हातारी झालेली. हा शेवट सगळ्या कादंबरीला तोलून धरतो. भाषेत मात्र सुधारणा लागतील.”

मग डोस. त्याचं औषधांचं दुकान आहे. “दार उघडल्यावर आत नायिकाच सापडते, हा धक्का जमलाय. तोल उत्तम. भाषा किंचित सुधारावी.”

मग नणंद. एक्स-रेताईची सख्खी नणंद, चष्म्याचं दुकान चालवते. तिने चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. “दहाव्या प्रकरणात ठोठावणं चालू असतानाच कादंबरी संपते. वाचकाला दारात उभं करून वहिनी घरी निघून गेली. मला नाही चालणार.”

एक्स-रेताई उभी राहिली. “वन्सं, अकरावं प्रकरण कुठंय?”

“कुठलं अकरावं?”

फाईल उघडली. दहा प्रकरणं होती. अकरावं नव्हतं.

“माझ्याकडे आलं तेव्हा होतं,” मास्तर म्हणाले.

“माझ्याकडेही,” डोस म्हणाला.

सगळ्यांच्या माना नणंदेकडे वळल्या. पण एक्स-रेताई तिच्याकडे बघतच नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती, मग डोसकडे, मग परत मास्तरांकडे.

“दार उघडतं,” ती म्हणाली, “असं मी कुठे लिहिलंय?”

(निळा: इथे मी चिठ्ठी ‘लांब धरली’ म्हणे. चष्म्याच्या दुकानदारणीला चाळिशी लागली एवढंच सुचवायचं होतं ना?)

(पेन्सिल: सहमत.)

दोन

ती आपला शेवट सांगायला तयार होईना. “सांगितला तर कुणी वाचला होता ते कधीच कळायचं नाही. सगळेच म्हणतील, हो हो, तोच.”

“मग परत लिही,” डोस म्हणाला. “तुझंच आहे. डोक्यात असेलच.”

“नाही ना. शेवट मला येत नाहीत. बारा वर्षं येत नव्हते. हा एकदा आला, अकरा दिवसांत लिहिला, आणि दुसरी प्रत काढायच्या आत तुमच्या हातात दिला.” मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “पुढच्या रविवारपर्यंत मिळाला नाही, तर ही चौथी अर्धवट. पाचवी मी सुरू करणार नाही.”

ती असं काही सहसा बोलत नाही. बोलली की करते.

तपास माझ्या गळ्यात पडला. फाईल न वाचलेला मी एकटाच होतो.

सोमवारी दुपारी मी नणंदेच्या दुकानात गेलो. ती काचेची कड घासत होती. यंत्राचा आवाज बंद न करताच म्हणाली, “या काटेसाहेब. दोघं म्हणतात होतं, मी म्हणते नव्हतं. शिवाय फाईल शेवटी माझ्याकडे. गणित सुटलं, आता मला न्या.”

“तुमचं आणि ताईंचं भांडण झालं होतं म्हणे.”

“झालं होतं नाही, चालू आहे. लग्न करून आली तेव्हापासून. तिची तिसऱ्या प्रकरणातली आई नुसती रडते, ते मी तिला तिच्याच स्वयंपाकघरात सांगितलं. तोंडावर. ज्याला तोंडावर बोलता येतं, तो पानं कशाला पळवेल?”

“शेवट आवडला नसेल तर?”

“मग मी तो वाचून दाखवला असता,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. सावकाश. त्यात जास्त मजा आहे.”

गिऱ्हाईक आलं, तशी ती पुढे गेली. तिने जाताना ड्रॉवर उघडून फडकं काढलं आणि ड्रॉवर तसाच राहिला. मी वाकलो. आत चष्म्याच्या डब्यांखाली कागदांचा जाडजूड गठ्ठा होता. वरच्या पानावरचं अक्षर मला ओळखीचं होतं. बारीक, उजवीकडे कललेलं. एक्स-रेताईचं.

(हिरवा: ‘जाडजूड गठ्ठा’ खटकतो. ‘जाड गठ्ठा’ पुरे. आणि ‘मी वाकलो’ हे वाक्य आधी घ्यावं, उत्कंठा वाढेल.)

(निळा: दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये डोकावताना लाज नाही वाटली?)

तीन

गठ्ठा बाहेर काढला तो नणंदेनेच. माझ्या मागे ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. बर्फाखालच्या एका शहराची गोष्ट, अर्धवट. बोलणाऱ्या झाडांची, अर्धवट. तिसरी कशाबद्दल होती ते तिसऱ्या पानावरच थांबल्यामुळे कळलं नाही. तिन्ही जुन्या, सोडून दिलेल्या कादंबऱ्या.

“तिने रद्दीत टाकल्या होत्या. मी उचलल्या. तिला सांगाल तर बघा.”

“का उचलल्या?”

“वाईट होत्या म्हणून,” ती म्हणाली, आणि परत यंत्रापाशी जाऊन बसली.

मी फाईल घरी आणून दहावं प्रकरण उलटं केलं. शेवटच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर, मधोमध, नणंदेच्या मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘म्हणजे संपलं? खरंच?’ ज्याने अकरावं वाचून चोरलं असेल तो असं लिहील का? लिहीलही, हुशार असेल तर. नणंद हुशार आहे. मला काहीच ठरवता येईना.

मंगळवारी मी हॉस्पिटलात गेलो. एक्स-रेताई दोन रुग्णांच्या मध्ये पाच मिनिटांसाठी बाहेर आली. मी तिला शेवटाबद्दल विचारलं नाही. माझ्या धंद्यातलं विचारलं. किती पानं, केवढी, कशाची.

“अठरा,” ती म्हणाली. “वही दहाव्या प्रकरणाला संपली. मग इथलीच मोठी तपकिरी पाकिटं होती, एक्स-रे ठेवायची, जुन्या मापाची, टाकून दिलेली. ती उभी कापून त्यांच्यावर लिहिलं. वन्सं हसल्या असत्या म्हणून कुणाला बोलले नाही.”

तपकिरी पाकिटं. म्हणजे ज्याने हे प्रकरण हातात धरलं असेल तो हे विसरूच शकत नव्हता.

मी तिथून थेट डोसच्या दुकानात गेलो. काउंटरवर गर्दी होती. तो एका आजोबांना गोळ्या समजावत होता.

“डोस, अकरावं प्रकरण कसल्या कागदावर होतं रे?”

“सकाळी एक, जेवणानंतर. कसल्या म्हणजे? रेघांच्या. वहीच्या. आणि ही रात्री अर्धी, आजोबा, अख्खी नाही.”

“निळ्या शाईत?”

“निळ्याच. तिची नेहमीची.”

“पानं किती?”

“असतील वीसबावीस. का?”

मी डायरीत ‘वीसबावीस’ लिहून घेतलं. त्याचा हात गोळ्यांच्या पाकिटावर थांबला. आजोबा निघून गेले, मागची बाई पुढे आली, तरी तो माझ्याकडेच बघत होता.

“काटेसाहेब,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही माझ्याकडे असं का बघताय?”

(निळा: ‘वाईट होत्या म्हणून’ हे छापायची काय गरज होती? आता वहिनी वाचेल.)

(पेन्सिल: सहमत. आणि पुढचं प्रकरण गाळता येईल का?)

चार

त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसला.

“सहाव्यापर्यंत वाचलं होतं,” तो म्हणाला. “आईशप्पथ, सहाव्यापर्यंत नीट वाचलं. मग अर्ध्या गावाला ताप आला. फाईल नणंदबाईंकडे द्यायची वेळ झाली. खिशात मास्तरांची चिठ्ठी होती.”

“ती वाचायची नसते.”

“वाचायची नसते हो, पण असते ना तिथे! मी नेहमी तेच करतो. मास्तर ‘तोलून धरतो’ म्हणाले की मी ‘तोल उत्तम’ म्हणतो. मास्तर ‘सुधारणा’ म्हणाले की मी त्याचा डोस कमी करतो, ‘किंचित’ म्हणतो. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“म्हणजे फाईल तुझ्याकडे आली तेव्हा अकरावं होतं की नव्हतं?”

“खरं सांगू? मला माहीत नाही.” त्याने डोकं धरलं. “मी शेवटापर्यंत गेलोच नाही. ती लिहिणं सोडणार का हो खरंच? मी तिला दर वेळी ‘उत्तम’च लिहिलंय.”

दोन साक्षीदारांपैकी एक गेला. उरले मास्तर. दार उघडणारा शेवट आता जगात फक्त त्यांनाच ठाऊक होता. सरळ होतं. मास्तरांनीही वाचलं नव्हतं, आणि अंदाजाने ठोकून दिलं होतं. मला बरं वाटलं. निदान काहीतरी सरळ होतं.

(हिरवा: हा परिच्छेद असा हवा: ‘दोघा साक्षीदारांतला एक निखळला. उरले फक्त मास्तर. आणि त्या उघडणाऱ्या दाराचं रहस्य आता त्यांच्या एकट्याच्या मनात होतं.’ ‘ठोकून दिलं’ काढावं. ‘सरळ होतं’ दोन्ही काढावी. शेवटची दोन वाक्यं अनावश्यक.)

बुधवारी सकाळी मी मास्तरांकडे गेलो. त्यांच्या खोलीत भिंतभर नकाशे आहेत. काही देश आता नाहीत, पण नकाशांत आहेत. टेबल खिडकीशी, त्यावर हिरव्या शाईची बाटली. खोलीत कसलातरी उग्र वास होता, नुकत्याच धुतलेल्या मोरीसारखा.

“बसा. चहा ठेवतो.”

“चहा नको. एकच विचारायचंय. अकरावं प्रकरण कसल्या कागदावर होतं?”

ते जराही अडखळले नाहीत. “तपकिरी. एक्स-रेची पाकिटं उभी कापलेली. एका कडेला डिंकाची पट्टी. शाई फुटत होती त्यावर. अठरा.”

आकडाही बरोबर होता.

“आणि शेवटी दार?”

“उघडतं,” मास्तर म्हणाले. “आत तीच असते. म्हातारी झालेली.”

“पण ताई म्हणतात त्यांनी तसं लिहिलेलंच नाही.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याने मी जास्तच चक्रावलो. ते घाबरलेले नव्हते. तेही माझ्यासारखेच बुचकळ्यात पडलेले होते.

“मला तर तसंच आठवतंय,” ते म्हणाले.

(निळा: मास्तर कधीच खोटं बोलत नाहीत. म्हणून मी त्यांच्याशी भांडत नाही, मजा येत नाही.)

(पेन्सिल: सहमत.)

(हिरवा: वास कसला ते लिहिण्याची गरज नव्हती.)

पाच

ज्याने पानं पाहिली नव्हती त्याला शेवट माहीत होता, कारण त्याने तो मास्तरांच्या चिठ्ठीतून चोरून वाचला. ज्याने पाहिली त्याला भलताच शेवट माहीत होता. आणि जिने काहीच पाहिलं नव्हतं तीच एकटी खरं बोलत होती. बुधवारी दुपारपर्यंत मी एवढ्यावर पोचलो, आणि पुढे रस्ता दिसेना.

मग मी तेच केलं जे मला येतं. मोजलं.

काटा एका दिवसात बिघडत नाही. आज केसभर, उद्या केसभर. रोज वापरणाऱ्याला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने काटा कायम बरोबरच असतो. म्हणून आम्ही एका दिवसाचं वजन बघून निकाल देत नाही, महिन्यांच्या नोंदी लावून बघतो.

मी दहा प्रकरणांतले हिरवे शेरे मोजले. पहिल्यात तीन होते, तिन्हींच्या शेवटी प्रश्नचिन्ह. दुसऱ्यात पाच. चौथ्यात अकरा, आणि तिथे पहिल्यांदा एक शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला. प्रश्नचिन्ह नाही. सातव्यात चाळीस. आठव्यात वाक्यंच्या वाक्यं खोडलेली. नवव्यात मी मोजणं सोडलं, कारण शेरा कुठे संपतो आणि कादंबरी कुठे सुरू होते तेच कळेना. दहाव्याच्या शेवटच्या तीन पानांवर निळ्या ओळींपेक्षा हिरव्या ओळी जास्त होत्या, आणि नळवाली बाई दाराच्या दिशेने दोनदा चालत जात होती, एकदा ताईच्या वाक्यांत, एकदा मास्तरांच्या. मास्तरांची जास्त वेगाने चालत होती.

याच वेगाने अकराव्यात काय झालं असेल?

माझा निष्कर्ष असा. मास्तरांनी अकरावं प्रकरण वाचलं. एक शब्द सुधारला. मग एक ओळ. मग ओळ सुधारली तर पुढची बसेना, म्हणून पुढची. त्यांनी चोरायचं म्हणून काही केलं नाही. ते मदत करत होते. अठराव्या पानावर पोचले तेव्हा दार उघडलेलं होतं, आणि ते कुणी उघडलं हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. चिठ्ठीवर त्यांनी जो शेवट लिहिला तो त्यांनी खरोखर वाचलेला होता. हिरव्या शाईत.

नंतर कधीतरी त्यांनी ती अठरा पानं लांबून बघितली असतील. अशी पानं परत कशी द्यायची? पण टाकूनही दिली नसतील. मोरीसारखा तो वास ब्लीचचा होता. माणूस ब्लीच आणतो ते काहीतरी परत मिळवायला.

मास्तर, हे मी तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. आपल्याकडे सांगायची हीच एक पद्धत आहे, म्हणून लिहून फाईलला लावतोय. रविवार गाठायचाय, म्हणून या वेळी प्रत्येकाकडे एकच रात्र. वन्सं आणि डोस तुमच्या आधी वाचतील, त्याबद्दल माफ करा. माझं चुकत असेल तर समासात लिहा.

(निळा: चुकत नाहीये. मला मात्र ‘वन्सं’ म्हणू नका, मी तुमची कुणी नणंद नाही.)

(पेन्सिल: हे मी शेवटापर्यंत वाचलं. दोनदा.)

इथे हिरवा शेरा नाही. समास कोरा आहे.

सहा

फाईल शनिवारी दुपारी माझ्या दारात आली. ती नेहमीपेक्षा जड लागली. खिशात तपकिरी पानं होती. मोजली, अठरा.

पहिल्या पानावर हिरवं अजून होतं, दाट, शेवाळासारखं. दुसऱ्यापासून पांढुरके डाग. ब्लीचने हिरवी शाई गेली होती, आणि तिच्याखालची निळीही गेली होती. डागांच्या मध्ये बेटांसारखी ताईची अक्षरं उरली होती. आणि डागांवर, पेन्सिलीने, मास्तरांच्या वळणदार अक्षरांत, कुणीतरी आठवून आठवून लिहिल्यासारखी वाक्यं.

सोबत एक कागद. तोही पेन्सिलीनेच.

‘काटेसाहेब, मोजणी बरोबर आहे. शाई काढायला गेलो तर तिचीही निघाली. मग जे आठवलं ते भरलं. त्यातलं तिचं किती आणि माझं किती, हे मला आता कळत नाही. मी तीन आठवडे हेच करतो आहे. तुमच्या वृत्तांतातही मी काय केलं ते आता वाचताना दिसलं. तिला सांगा, मला शेवट फार आवडला होता. म्हणूनच हात लावला.’

रविवारी वर्गात पाचही जण होते. मास्तर दाराजवळच्या खुर्चीवर बसले, कोट न काढता. एक्स-रेताईने अठरा पानं हातात घेतली आणि खिडकीकडे वळून, रोज एक्स-रे धरते तशी, एकेक पान उजेडात धरून बघितलं. बराच वेळ.

“काही दिसतं?” डोसने विचारलं.

“डाग दिसतात.” तिने पुढचं पान उचललं. “मला वाटलं होतं बघितलं की ओळखेन. अकरा दिवस ड्युटीवरून येऊन लिहिलंय, कुठलं वाक्य मी लिहिलं होतं मला काय पाठ आहे? हे सगळंच माझ्यासारखं वाटतंय. हे सगळंच दुसऱ्याचं वाटतंय.”

“मास्तर, तुम्ही सांगा,” मी म्हणालो.

“सांगता आलं असतं तर…” मास्तर थांबले.

“आणा इकडे,” नणंद म्हणाली.

तिने पानं ओढून घेतली आणि पेन्सिलीची वाक्यं मोठ्याने वाचायला लागली. “‘अनंत काळोखाच्या कुशीत दार निःशब्द उभं होतं.’ छे. वहिनी काळोखाला कूस देणार नाही, तिला काळोखातच काम असतं. खोडा. ‘दार गार होतं, तिने कोपर टेकलं.’ हे तिचं. दमली की ही असंच कोपर टेकते, फ्रिजला. ठेवा. ‘तिच्या मनात विचारांचं वादळ’… मास्तर, अहो!”

मास्तर पहिल्यांदाच हसले, पण तोंडावर हात धरून.

“‘तिला वाटलं, आतल्याला बाहेर यायचं नसेल, फक्त कुणीतरी आहे का एवढंच विचारायचं असेल.’” नणंद थांबली. “हे वहिनीचं.”

“कशावरून?” एक्स-रेताईने विचारलं.

“मला अठरा वर्षं छळतेयस. तुला ओळखणार नाही का?”

असं ते दोन तास चाललं. मी घड्याळ लावलं नाही. नणंद वाचत होती, खोडत होती, ठेवत होती, मधे मधे ‘हे तुझंच आहे, पण वाईट आहे’ असंही सांगत होती. डोस पेन्सिलींना टोक करून देत होता. आणि अशा रीतीने, सतराव्या पानाच्या तळाशी, आम्हाला शेवट सापडला. तिच्या कादंबरीत दार उघडत नाही. नळवाली बाई दाराशी जमिनीवर बसते, हातातला नळाचा पाना उलटा धरते आणि इकडून परत ठोठावते.

मास्तरांनी कोट काढला.

“हे मी खोडलं होतं,” ते म्हणाले. “आत्ता आठवलं.”

अठराव्या पानावर एकच वाक्य होतं, एका मोठ्या डागाच्या मध्यभागी. नणंदेने ते वाचलं. ‘पलीकडचा आवाज थांबला, आणि मग इतका जवळून आला की तो आपल्याच हातातून येतोय असं तिला वाटलं.’

“हे वहिनीचं,” ती म्हणाली. मग, “नाही. थांबा. मास्तरांचं.” मग तिने ते परत वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. “मला नाही कळत,” ती म्हणाली, आणि हे ती म्हणाल्याचं मी आठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. एक्स-रेताईकडे पाहिलं. तिनेही.

सोमवारपासून ती हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या संगणकावर टाईप करायला बसली. दहा दिवसांनी प्रत फाईलला लावून आली. मी आधी शेवटचं पान उलटलं. ते वाक्य तिथे होतं.

“मग ठरलं का, कुणाचं ते?” मी तिला फोनवर विचारलं.

“नाही हो. दोनदा काढलं, दोनदा घातलं. शेवटी राहू दिलं.” मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. “पण त्याच्यानंतर आणखी एक आहे, ते बघितलंत? ते मी परवा लिहिलं. जेवायच्या सुट्टीत. एकदम आलं.”

मी बघितलं. होतं. ते मी इथे देत नाही, कादंबरी अजून मंडळात फिरते आहे आणि डोस दुसऱ्या प्रकरणावर आहे. या वेळी फाईल आधी नणंदेकडे गेली होती. त्या नव्या वाक्याशेजारी तिचा शेरा आहे, निळ्या शाईत, समासात मावेना म्हणून पानाच्या कडेने वर चढत गेलेला:

‘याची गरज नव्हती. लांबलंय. पण हे तुझंच आहे, त्यात शंका नाही.’